मी कोन?

ही रचलेली गोष्ट नाही. पडताळल्याशिवाय काही लिहायचं नाही, ही माझी वार्ताहराच्या नोकरीतली सवय. यात ज्याचा उलगडा झाला नाही, तेही तसंच लिहितो आहे.

मागच्या जानेवारीतला मंगळवार. नगर जिल्ह्यातलं, वैद्यकीय महाविद्यालयाचं एक रुग्णालय. चौकशी चालू आहे, म्हणून नाव देत नाही. सकाळची वेळ, बाहेर लख्ख ऊन.

माझी भाची ग्रेस, भिंगारची, तिथे इंटर्न होती.

ऑपरेशनच्या टेबलावर विजयमाला होत्या. पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगार. गर्भपिशवीतली गाठ काढायची होती. आदल्या दिवशी त्यांनी ग्रेसला विचारलं होतं, "आत गडी मानसं लई असत्यात का गं ताई?"

"ऑपरेशन करणारे डॉक्टरच, मावशी. बाकी कोणी हात लावणार नाही."

भूल दिली. घशात नळी गेली. ओठांवर चिकटपट्टी.

मग विभागाचे सर विद्यार्थ्यांना म्हणाले, "या, ग्लोव्ह्ज घाला. एकेकाने आतून तपासा. गाठ हाताला लागली पाहिजे. जाग्या असल्या की या बायका जवळ येऊ देत नाहीत."

ऑपरेशनला विजयमालांनी होकार दिला होता.

याला नाही. कोणी विचारलंच नव्हतं.

विद्यार्थ्यांतला कल्याण पहिला पुढे झाला.

तेवढ्यात मॉनिटरचा आवाज थांबला. पडद्यावरचे आकडे चालू होते, ठीक होते... पण आवाज नव्हता. एसीची घरघरही नव्हती.

आणि...

"कोन हाय?"

बाईचा आवाज. बंद दाराआडून घरातल्या बाईने विचारावं तसा.

कल्याण खेड्यातला. तिकडे असं विचारलं की नाव कोण सांगतंय? ‘मी’ म्हणायचं आणि आत शिरायचं. त्याच्याही तोंडून निघून गेलं, "मी हाय, मी!"

"पाव्हणं आलं बरं का!" मागून कोणीतरी म्हणालं. पोरं हसली.

"मी कोन?"

आता कोणी हसलं नाही.

ग्रेसने विजयमालांकडे पाहिलं. नळी जागेवर. चिकटपट्टी जागेवर.

"कोण बोलतंय? गप्प राहा!" सर ओरडले.

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

"सर, यांना विचारलेलं नाही," ग्रेस म्हणाली.

"झोपलेल्या बाईला काय विचारतेस?"

"मग उठल्यावर विचारू."

"बाहेर हो. तुझी इंटर्नशिप कशी पुरी होते बघतो."

ती बाहेर आली. आत तपासणी चालूच राहिली. सविता सिस्टर तिच्या मागोमाग आल्या. कुजबुजल्या, "असं तपासायला लागले की येतो तो आवाज. पण दर वेळी निराळ्या बाईचा असतो गं."

दुसऱ्या दिवशी ग्रेसने विजयमालांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग बोलल्या. घोगरा, दबका आवाज. ऑपरेशन थिएटरमधला आवाज हा नव्हता.

"नावं सांग," एवढंच म्हणाल्या.

ग्रेसने सांगितली. तक्रार झाली. ग्रेसची इंटर्नशिप अजून अडकलेली आहे.

कल्याण स्वतःहून चौकशी समितीपुढे गेला. मला म्हणाला, "तोवर ज्या दाराला हात लावीन त्याच्या आतून ती बाई तेच विचारत होती... मी समितीला नाव सांगितलं, केलं ते सांगितलं. मग थांबलं."

सरांची बाजू ऐकून घ्यायला मी भर दुपारी त्यांच्या केबिनवर गेलो. दारावरची नावाची पाटी काढलेली होती... स्क्रूची भोकं तेवढी दिसत होती.

"असं काही घडलंच नाही," सर म्हणाले. अगदी हळू.

"ठीक. तसं छापतो. पूर्ण नाव सांगा."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मानेनेच नाही म्हटलं. कपाळावर घाम होता.

माझ्यामागे तपासणीची खाट होती. तिच्यापुढे हिरवा पडदा.

पडद्याआडून...

"सांगा की."

तो एकीचा आवाज नव्हता.

मी पडदा ओढला. खाट रिकामी. चादरीवर एक सुरकुतीही नव्हती.

वळलो, तर सर दोन्ही कान दाबून बसले होते.

समितीने त्यांना तीनदा बोलावलं. ते गेलेले नाहीत. तिथे सुरुवातीलाच नाव सांगावं लागतं.

मला मात्र कामामुळे रोज कोणाला तरी नाव विचारावंच लागतं. हल्ली विचारण्याआधी मी मागे वळून बघतो...