शर्वरीवरची पांढरी साय

शाहीन तांबोळीने काचेची बशी हस्तमापकात ठेवली आणि झाकण लावलं. प्रयोगशाळेत तिघंच होती. शाहीन जीवशास्त्रज्ञ, दमयंती गावित तळाच्या प्रमुख, आणि मनोहर केळुसकर रसायनतज्ज्ञ. बशीतला पांढरा, बुळबुळीत थर मनोहरच्या बायकोला जिथे पुरलं होतं, तिथून खरवडून आणला होता.

"दादा, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल," शाहीन म्हणाली.

"बाहेर कुठे? बाहेरच्या हवेत श्वास घेता येत नाही," मनोहर म्हणाला.

शाहीनला हसू आलं आणि तिने ते गिळलं.

शर्वरी हा थंड, ओलसर ग्रह. इथल्या दगडांवर जांभळा थर असतो. तो जिवंत आहे हे प्रथम रेवतीने, म्हणजे मनोहरच्या बायकोने दाखवून दिलं. दुधावर धरते तशी दिसते म्हणून तिने त्याला 'साय' म्हटलं. पुढे तिला कळलं की ही साय आपल्यासारखीच कार्बनची बनलेली आहे, अमिनो आम्लंही तीच, फक्त सगळी उलट हाताची. नव्या माणसाला हे समजावताना ती त्याला डावी चप्पल उजव्या पायात घालायला लावायची. "आकार तोच, तळ तोच, अंगठा तोच. जाते का? नाही ना? पृथ्वीवरच्या सगळ्या जीवांची अमिनो आम्लं डाव्या हाताची. यांची उजव्या. यांचं आपल्याला पचत नाही, आपलं यांना पचत नाही. शेजारी राहायला अगदी उत्तम."

त्यामुळे शर्वरीवर आजार नव्हते. पण कुजणंही नव्हतं.

रेवती हृदय बंद पडून गेली. दहन करण्याइतका प्राणवायू तळाकडे नव्हता. पृथ्वीवरचा एकही जंतू बाहेर जाऊ नये असा नियम होता, म्हणून तिच्या देहावर आरपार किरणं सोडली, त्याच्यातले सगळे जंतू मारले आणि मग तिला उताराच्या ओल्या मातीत पुरलं. त्याचा अर्थ काय, हे मनोहरला कुणी सांगायला नको होतं. त्या मातीत तिला खाऊ शकेल असं काहीच नव्हतं. हजारो वर्षांनी उकरलं तरी ती तशीच असेल.

ते त्याला सहन होत नव्हतं. त्याच्या गावी माणूस गेला की दोन तासांत राख होते आणि राख खाडीत जाते. घरचे रडतात, पण गेलेला माणूस जातो. रेवती गेलीच नव्हती. रोज सकाळी दात घासताना तो खिडकीतून उताराकडे बघायचा. ती तिथे पडलेली आहे, केस सुद्धा तसेच आहेत, हे त्याला माहीत असायचं. तिची माती व्हावी, एवढंच त्याला हवं होतं.

आणि आता तिथे हा पांढरा थर धरला होता.

"इथली साय आपल्याला खायला शिकली असेल तर?" दमयंतीबाई म्हणाल्या. "आज रेवतीला खाईल, उद्या आपल्याला."

मनोहरला भीती वाटायला हवी होती. त्याला बरं वाटलं होतं, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

हस्तमापकाचा काटा डाव्या-उजव्याच्या पट्टीवर हलला आणि थांबला. शाहीनने तपासणी पुन्हा केली.

"डावा," ती म्हणाली. "हा इथला जीव नाही. आपला आहे."

"शक्यच नाही. जे बाहेर जातं ते सगळं किरणांखालून जातं."

"ते खरं, बाई. पण दहाव्याचा पिंड?"

दहाव्या दिवशी सगळ्यांनी मिळून उतारावर पिंड ठेवला होता. कावळा नाही हे माहीत होतं, पण काही न करता बसवेना. भात दमयंतीबाईंनी केला होता.

"भात मी कुकरमध्ये तीनदा शिजवला, म्हणूनच तो किरणांखाली धरला नाही. त्यात काय जिवंत राहणार?"

"आणि दही?"

"दही भात निवल्यावर घातलं. गरम भातात दही फाटतं." एवढं बोलून बाई थांबल्या आणि खाली बसल्या.

दह्यातले जिवाणू जिवंत असतात, किंबहुना म्हणूनच ते दही असतं. हे तळावरच्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं. पिंड बाहेर नेताना एकालाही ते आठवलं नाही.

"पण ते इथे जगले कसे?" बाईंनी विचारलं.

"सगळ्याच रेणूंना हात नसतो," मनोहर म्हणाला. "ग्लायसिन हे अमिनो आम्ल घ्या. ते आरशात तसंच दिसतं, ते दोघांनाही चालतं. अशी पाच-सहा द्रव्यं या मातीत आहेत. शिवाय जिवाणूच्या कातडीत थोडं उजव्या हाताचं आम्ल असतंच. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं करायची कला त्याच्याकडे जन्मजात आहे. आपल्याकडे नाही, पण त्याच्याकडे आहे."

शाहीनने उताराचं ताजं चित्र पडद्यावर आणलं. पांढऱ्या थराच्या कडेने जांभळी साय करडी पडून सुटत होती. ती मेली होती.

"हा तिचं पाणी घेतो, तिची द्रव्यं घेतो, वर आंबट सोडतो. आणि याला खाणारं इथे कुणी नाही. कुणाला पचणारच नाही. आपण इतकी वर्षं यांना आरशातले जीव म्हणत आलो, दादा. यांच्या लेखी आरशातले आपण आहोत."

"जाळून टाकू," बाई म्हणाल्या. "विजेची तार लावून तो सगळा उतार तापवू."

"उशीर झालाय," शाहीन म्हणाली. " ओढ्यापलीकडच्या दगडावर सुद्धा सापडलाय. वाऱ्याने गेला. याला खाणारं पृथ्वीवर आहे, जिवाणूभक्षक विषाणू. एकेका जातीच्या जिवाणूला त्याचा एकेक विषाणू. दूध डेअऱ्यांना त्याची फार धास्ती असते. तो शिरला की दही लागत नाही."

दमयंतीबाईंनी मान वर केली. "माझं दही गेले पंधरा दिवस लागत नाहीये. नुसतं पाणी होतं. मी दूधपावडरवाल्यांना शिव्या घालत होते."

शाहीन स्वयंपाकघरात धावली. नासलेल्या दह्याचा एक थेंब तिने बशीत टाकला. संध्याकाळपर्यंत पांढरा थर जाळीसारखा विरला.

"इथल्या सायीला याचा त्रास?" मनोहरने विचारलं.

"काहीच नाही. तिच्या लेखी हा धुळीचा कण. दह्याचा जिवाणू संपला की हाही संपणार."

"आणि खाली? रेवतीपर्यंत तो पांढरा थर पोचलाय?"

शाहीनने बशीवर झाकण ठेवलं. "पोचलाय, दादा. नुकताच. काही केलं नाही तर दोन-तीन वर्षांत ताईंची माती होईल."

"आणि खोऱ्यात जांभळं काही राहणार नाही."

"नाही."

दमयंतीबाई हळूच म्हणाल्या, "मनोहर, ओढ्यापलीकडे उद्या हे दही शिंपडू. उतार तेवढा राहू दे. कडेने राखण करू. तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, आणि ते होण्यासारखंही वाटत होतं. मनोहरने खिडकीतून बाहेर पाहिलं. वारा होता. बारीक धूळ उतारावरून ओढ्याकडे चालली होती.

"वाऱ्याची राखण कोण करणार, बाई?"

दुसऱ्या दिवशी नासलेल्या दह्याच्या पाण्याचा कॅन त्याने स्वतः उचलला. आधी ओढ्यापलीकडे शिंपडलं. मग उतारावर आला. तिथे तो बराच वेळ उभा राहिला. शाहीन मागे होती, तिने घाई केली नाही. मग त्याने कॅन तिरपा केला आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे ओतला, कुठे कोरडं राहू दिलं नाही.

महिनाभरात पांढरं गेलं. पावसाळी धुक्यात जांभळी साय कडेने सरकत आली आणि त्या जागेवर पसरली. खाली कुणी आहे हे तिला कळायचं कारण नव्हतं.

"दादा," शाहीनने त्याच्या शेजारी उभं राहून विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय. रोजच वाटणार." तो म्हणाला. "पण ती माझ्या जागी असती तर तिनेही हेच केलं असतं. आणि मला विचारलं सुद्धा नसतं."