टेकले, पण जुळेनात

माझं पाच तासांचं चित्रण तिसऱ्या तासालाच बंद पडलं, कारण एका अनोळखी माणसाने सूक्ष्मदर्शकाची पिन शांतपणे उपटली होती.

"सर्व्हिसिंग," तो म्हणाला. माफी वगैरे काही नाही. बाहीवर तेलाचा डाग, आणि चेहरा असा, की जणू मीच त्याच्या खोलीत घुसले होते.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यावर तो म्हणाला, बघतो. काहीही विचारलं की बघतो. मी त्याचं नाव बघतोबुवा ठेवलं आणि दोन दिवसांत सगळी प्रयोगशाळा त्याला तेच म्हणू लागली.

आधीच माझा जीव मेटाकुटीला आला होता. बुरशीचे दोन कोवळे तंतू जवळ असले की एकमेकांच्या दिशेने वाढतात, टेकतात. मधली भिंत विरघळते, तिच्या आतली पातळ आवरणं एकमेकांत मिसळतात आणि आतला रस इकडून तिकडे वाहू लागतो. माझ्या एका वाणातून मी एक जनुक काढून टाकलं होतं. त्याचे तंतू टेकतात पण आवरणं मिसळत नाहीत, असा माझा दावा. पण आता जनुक शाबूत असलेल्या धडधाकट वाणाचे तंतूही टेकून नुसते बसू लागले होते... मग दावा कशाच्या जोरावर करायचा? माझ्या मार्गदर्शक बाईंनी महिनाअखेरची मुदत दिली होती. नाहीतर विषय बदल. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. घरी वहिनी म्हणायची, लोक पावावर बुरशी आली की फेकतात, आमच्या वन्सं तिच्यासाठी रडतात.

दुसऱ्या खेपेला तो पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, दिवा सतत चालू असतो का? मी वैतागून म्हटलं, मग काय अंधारात चित्रण करू?

"इतक्या झगझगीत उजेडात," तो म्हणाला, "मीसुद्धा कुणाच्या जवळ गेलो नसतो."

हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही. कारण त्याचं बरोबर होतं. दोन महिन्यांपूर्वी मीच हट्टाने प्रखर दिवा बसवून घेतला होता, आणि त्या उजेडात कोवळ्या पेशी होरपळत होत्या. त्याने दिव्यापुढे एक झडप बसवली. मिनिटाला क्षणभर उजेड, बाकी अंधार.

तिसऱ्या दिवशी तो झडप तपासायला आला असताना माझ्या डोळ्यांदेखत दोन धडधाकट तंतू जुळले. एकात खुणेसाठी घातलेली हिरवी चमक दुसऱ्यात सरकत गेली. जनुक काढलेले मात्र टेकून तसेच बसले. दावा खरा ठरला... आणि मी त्याची बाही घट्ट धरली होती. सोडायला जरा उशीरच झाला.

तो हत्यारं आवरून निघून गेला. मग मी तक्रारी सुरू केल्या. भिंग धूसर आहे. पडदा थरथरतो. प्रत्येक वेळी त्यालाच फोन. तो यायचा, स्वच्छ भिंग आणखी स्वच्छ पुसायचा, मान हलवून जायचा. अशा चार खेपा झाल्या. या माणसाला कळत कसं नाही, या विचाराने मी दात-ओठ खायची.

पाचव्या खेपेला माझा संयम सुटला.

"भिंगाला काहीही झालेलं नाही," मी म्हणाले. "कधीच झालं नव्हतं. तुम्ही यावं म्हणून बोलावते मी."

त्याने कापडाची नीट घडी घातली. कान लाल झाले होते.

"या इमारतीचं काम महिन्यापूर्वीच दुसऱ्याकडे गेलं," तो म्हणाला. "पाचही वेळा मी... रजा टाकून आलोय."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला बोलावलं असतं."

मी कपाळावर हात मारला. पाच रजा, माझे पाच खोटे फोन, आणि दोघांनी मिळून एक धड भिंग पुसून झिजवलं होतं.

"आजची रजा पूर्ण दिवसाची आहे का?" मी विचारलं.

"अर्ध्या."

"वाढवून घ्या," मी म्हणाले, आणि अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला.