पुसलेल्या गाण्यांची झील

राजूरच्या गणपतीचे दर्शन घेऊन आकांक्षा आपल्या काकू कांताबाईंसह पायऱ्या उतरत होती, तोच काकूंच्या हातून फोन निसटला आणि एका तरुणाच्या पायाशी जाऊन थांबला. त्याने तो उचलला, बाहीने हळुवार पुसला, पाय लागला म्हणून कपाळीही लावला.

"पडल्यानं काही झालं न्हाई," तो म्हणाला. "पण लई हळू चालत असंल... न्हाई?"

"चालतोय कुठं, रांगतोय," आकांक्षा म्हणाली. "कंपनी म्हणती, सहा वर्षं झाली, नवा घ्या."

त्या तरुणाचे नाव अंगद. मंदिरामागेच त्याचे फोनदुरुस्तीचे दुकान होते.

"यंत्र धडधाकट हाय. आतली प्रणाली कंपनीची, बंदिस्त. कंपनीनं हात काढला की आपण बसलो. मी मोकळी प्रणाली टाकतो. तिची घडण सगळ्यांसमोर उघडी असती. कुणीबी वाचावी, कुणीबी सुधरावी."

"अन् बिघडलं तर? कंपनीच्या दारात भांडता तरी येतं. तुमच्या प्रणालीला धनीच न्हाई — भांडायचं कुणाशी?"

"माझ्याशी या की," तो हसला. "दुकान इथंच हाय."

त्या हास्यात गर्व नव्हता, निःसंशय विश्वास होता. आणि आकांक्षेची दृष्टी त्यावर आवश्यकतेपेक्षा किंचित अधिक काळ रेंगाळली.

दुपारपर्यंत फोन वाऱ्यासारखा चालू लागला. कांताबाईंनी तो हाती घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पोरा... माझी गाणी कुठं हायेत?"

त्यांच्या पिंपळगावच्या रेणुकामातेची सतरा गाणी त्यांच्याच आवाजात त्या फोनात भरलेली होती. ती ऐकून गावातल्या सुना नवरात्रासाठी पाठ करीत. आणि घटस्थापना अवघ्या दहा दिवसांवर आली होती. नवी प्रणाली घालण्यासाठी कंपनीचे कुलूप उघडले, की आतले सर्व पुसले जाते. तसा इशारा पडद्यावर इंग्रजीत आला होता. अंगदने सवयीने 'होय' दाबले. कांताबाईंना विचारलेच नाही.

"आता भांडू?" आकांक्षेने विचारले.

"भांडा. इशारा आल्ता, मीच वाचून दाखवला न्हाई." त्याने मान खाली घातली, पण लगेच वर केली. "उद्या येतो गावात. सगळी गाणी परत भरून देतो."

ते सोपे नव्हते. कांताबाईंना एकटीने गाता येत नसे. त्यांनी ओळ म्हणावी आणि मागच्यांनी तिचे शेवटचे पद उचलून झील धरावी, तेव्हाच त्यांना पुढची ओळ आठवे. झील धरणाऱ्या साऱ्या बायका मात्र सोयाबीनच्या सोंगणीला शेतात गेल्या होत्या.

"मंग मी धरतो झील," दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी आलेला अंगद म्हणाला.

त्याचा पहिला सूर ऐकताच ओट्यावरची मांजर उठून गेली.

"अगं बाई!" आकांक्षा ओढणीआड हसली. "गळा चांगला हाय, सूर मात्र कंपनीनं सोडून दिल्यावानी."

"मंग सुधरा की... मोकळाच हाय. कुणीबी सुधरावा."

"कुणीबी?"

"...न्हाई. तुम्हीच."

ती त्याच्या शेजारी बसली. तिच्या स्वरावर त्याचा स्वर टेकला, आणि कांताबाईंना पुढची ओळ आठवली. तो रोज दुपारी दुकान बंद करून येई. नवव्या दिवशी सतरावे गाणे पूर्ण झाले; त्याने कुणी न सांगता प्रत्येक गाण्याच्या तीन-तीन प्रती तीन फोनांत ठेवल्या.

मग आकांक्षेने आपला फोन पुढे केला. "ह्यातबी तुमची मोकळी प्रणाली टाका."

पडद्यावर तोच इशारा उमटला. या वेळी अंगदने तो सावकाश, मराठीत वाचून दाखवला. "यातलं सगळं पुसलं जाईल. परत येणार न्हाई. पुढं जायचं का?"

"फोटो दुसरीकडं काढून ठेवलेत. जा पुढं."

त्याचे बोट हलेना.

"अजून एक विचारायचंय," तो म्हणाला. "ते फोनाचं न्हाई... माझ्याशी लग्न कराल?"

आत कांताबाईंच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

"अन् बिघडलं तर?" आकांक्षेने विचारले. "भांडायचं कुणाशी?"

"माझ्याशी. दुकान हायच की."

"दुकानात न्हाई," ती म्हणाली, आणि त्याच्या थबकलेल्या बोटावर आपले बोट ठेवून तिने ते बटण दाबले. "घरात भांडीन."