दसऱ्याचं माप

तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्रयोगशाळेत दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची. यंत्रं सोडाच, वजनकाट्यालासुद्धा झेंडूची माळ पडायची. समया विझू नयेत म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद, आणि एवढ्याशा खोलीत वीस माणसं आरतीला उभी. हे दरवर्षीचंच. यंदा चुकलं ते इतकंच, की डिचोलीच्या गौरेशने नेमकी त्याच सकाळी चाचणी लावून ठेवली होती.

चाचणी तशी साधी. अमाइन नावाचं रसायन माखलेले साबुदाण्याएवढे दाणे काचेच्या नळीत भरायचे आणि त्यांतून खोलीतली हवा खेचायची. हवेतला कार्बन डायऑक्साइड दाण्यांना चिकटतो. नळी तापवली की सुटतो. किती चिकटला, ते माप. हे माप वाढावं म्हणून गौरेशने दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. आरती आटोपून बघतो तर काय, दुप्पट!

"साहेब, ह्ये धरू नका," मदतनीस निवृत्ती म्हणाला. चंदगडकडचा, पन्नाशीचा, सदा तळहातावर तंबाखू मळणारा माणूस. "खोली माणसांनी भरलीया. आमचाच श्वास मोजलाय त्येनं."

गौरेशला का कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण हाव वाईट. त्याने आकडा वर पाठवून दिला.

पुढे तो आकडा काही केल्या पुन्हा येईना. प्रमुख तेजस्विनीबाईंनी जाब विचारला तेव्हा गौरेश बोलून गेला, "निवृत्तीने दाणे जास्त तापवले. जळले ते." निवृत्ती समोरच होता. त्याने गौरेशकडे एकदा बघितलं, जेवणाचा डबा उचलला आणि गेला. वीस वर्षांची नोकरी, एका वाक्यात! गौरेशला त्या दिवसापासून आरशात बघायची लाज वाटू लागली.

चौथ्या दिवशी माप पुन्हा दुप्पट आलं.

खिडक्या सताड उघड्या. पंखा चालू. खोलीत गौरेशशिवाय कोणी नाही. त्याने दाणे बदलले, मोजणी यंत्र बदललं, स्वतः बाहेर जाऊन काचेतून बघितलं. यंत्राच्या पडद्यावरची कार्बन डायऑक्साइडची रेघ चढत होती, थांबत होती, उतरत होती. पुन्हा चढत होती. त्याने घड्याळ लावलं. मिनिटाला सोळा वेळा.

त्याने मोजणी यंत्र खिडकीशी नेलं. रेघ सपाट. नळीच्या तोंडाशी आणलं.

चढली. थांबली. उतरली.

अमाइनचा मासळीसारखा तो नेहमीचा उग्र वास येत होता, आणि त्यात मिसळलेला, आत्ताच चुना लावून मळलेल्या तंबाखूचा.

तेजस्विनीबाई आकडा बघून हरखल्या. "तुझाच खरा झाला मरे! तोंड असा कित्याक पाडतंस?"

"बाई, दसऱ्याच्या दिवशी मी..."

"आता दसरो कित्याक काढतंस? उद्या मोठ्या नळीत भर दाणे."

आणि गौरेशला, देवा रे, हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच त्याला पुढे सगळ्यात जास्त शरम वाटली. त्याने बाहेर जाऊन निवृत्तीला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोने, सिंधूने.

"झोपल्यात ओ. चार दिस झालं, उठंनात. डाक्टर म्हणतोय, समदं बरं हाय." मग तिने आवाज खाली घेतला. "छाती हलतीया, साहेब. पर नाकाफुडं हात धरला तर वाराच लागत न्हाई."

गौरेश आत आला. रेघ चढत होती.

"वहिनी, त्यांची काही चूक नव्हती. मी खोटं बोललो. मीच."

फोन कानाशी धरूनच तो नळीपाशी गेला.

"हात धरा त्यांच्या नाकापुढे. धराच."

त्याने नळी तापवायची कळ दाबली. साठ. ऐंशी. शंभर अंश. दाण्यांनी धरलेलं सोडायला सुरुवात केली, आणि रेघ वर जायच्या ऐवजी खाली खाली जात सपाट झाली.

"आला!" सिंधू रडतच म्हणाली. "आला ओ वारा!"

गौरेशने डोळे मिटले.

"पर साहेब," ती म्हणाली, "माझ्या हाताला फोड आलाय."