रुजाता या नावाचं मूळ

"तुमच्या नावात चूक आहे," तो म्हणाला.

मी त्याच्या डोळ्यांवरच्या जड फ्रेममध्ये भिंग बसवत होते. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचा म्हणजे माणसाच्या अगदी जवळ उभं राहावं लागतं. चार वर्षांत मला त्याची सवय झाली होती. पण इतक्या जवळून माझ्याच चुका कुणी काढल्या नव्हत्या.

"समोरचा तक्ता वाचायचाय," मी म्हटलं. "माझ्या कोटावरचं नाही."

"तक्ता केव्हाच वाचून झाला. हेच तेवढं जमेना." त्यानं माझ्या खिशावरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. "रुजाता. सुजाता असणार ना? 'स'चा अर्धा भाग गळलाय."

त्यानं अगदी बरोबर ओळखलं होतं.

"रुजाताच आहे."

"असं नाव नसतं हो."

"मी आहे की समोर!"

तो हसला. एका डोळ्यावर काळं झाकण, दुसऱ्यावर भिंग... अशा अवतारातही त्याचं हसणं छान दिसत होतं, हे मला तेव्हाच कळायला नको होतं.

मुलामुलींच्या नावांचं पुस्तक करतोय, असं त्यानं सांगितलं. चार हजार नावं, अर्थासकट आणि मुळासकट. "तुमचं त्यात नाही. काय अर्थ?"

खरं उत्तर एका ओळीचं होतं. बाबांनी जन्माच्या नोंदीच्या कागदावर सुजाता लिहिलं होतं, कारकुनानं घाईत रुजाता उतरवलं. आम्ही तिघी बहिणी, त्यात मी तिसरी. दुरुस्तीसाठी कोण हेलपाटे घालणार? दाखल्यावर राहिलं, म्हणून शाळेत राहिलं, म्हणून जन्माला चिकटलं. घरात तर मला नुसतं 'धाकटी' म्हणायचे. माझं नाव कुणी ठेवलंच नव्हतं. ते राहून गेलं होतं.

हे एका अनोळखी माणसाला कसं सांगायचं? आणि तेही त्यानं इतकं कान देऊन विचारल्यावर?

"आजीनं ठेवलंय," भिंग बदलत मी म्हणाले. "तिच्या आजीचं नाव होतं. रुजणारी ती रुजाता... जिथे लावाल तिथे रुजणारी."

खिशातून छोटी वही काढून, धूसर डोळ्यांनीच, त्यानं ते लिहून घेतलं.

चष्मा न्यायला तो आला. मग दोन दिवसांनी पुन्हा आला, काडीचा स्क्रू ढिला झाला म्हणून. पुढच्या आठवड्यात परत तेच. आमचे दुकानमालक काका चष्मा उलटसुलट करून बघत म्हणाले, "या माणसाचा स्क्रू फारच ढिला होतोय. चष्म्याचा नाही म्हणत मी!"

तो कानापर्यंत लाल झाला आणि मी ड्रॉवरमध्ये उगीचच काहीतरी शोधत बसले. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा बरोबर चहा प्यायलो.

मग रविवार सुरू झाले. तो ग्रंथालयात जाडजूड कोश उपसायचा, मी शेजारी बसून त्याच्यासाठी पानं धरायची. माझं नाव शोधणं हे त्याच्या डोक्यात भुतासारखं बसलं होतं. जुन्या याद्या झाल्या, शाळांचे पट झाले, कुठे दूरच्या कुणा प्राध्यापकांना पत्रं गेली.

"दोन वाटा सापडल्यात," एकदा तो कुजबुजला. "एक तुझ्या आजीची, रुजणे. दुसरी संस्कृत. रुजा म्हणजे दुखणं, वेदना."

"मग मी कोण? रोप की दुखणं?"

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते अजून ठरायचंय..."

समोरच्या बाकावरच्या आजोबांनी 'श्श!' केलं. आम्ही दोघांनी एकाच पुस्तकात डोकी खुपसली, आणि मला वाटलं, यापुढचे सगळे रविवार असेच जावेत.

पण त्याची एक गोष्ट मला भिववायची. प्रकाशक त्याच्या मागे लागलेले असायचे – पानं भरा, अर्थ कुठलाही लावा, कोण तपासायला बसलंय! हा ऐकायचा नाही. "खोटा अर्थ छापायचा म्हणजे एखाद्या पोरीला जन्मभर थाप ऐकवत ठेवायची," तो म्हणायचा. "ती बिचारी तेच खरं मानून सगळ्यांना सांगत फिरणार."

प्रत्येक रविवारी मी घरून ठरवून निघायची, आज सांगायचंच. आणि प्रत्येक रविवारी तो मला बघताच इतका उजळायचा, की मी म्हणायची, पुढच्या वेळी.

एकदा मात्र शब्द ओठांवर आले. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर आम्ही पावसात अडकलो होतो. छत्री एकच, तीही त्याची, तीही मोडकी. त्याचा एक खांदा पूर्ण भिजला होता आणि माझ्यावर एक थेंबही पडला नव्हता.

"मला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"आधी मी." त्यानं छत्री माझ्या हातात दिली. "सगळं धुंडाळलं. तुझ्या नावाचा कुठेही पुरावा नाही. तरी मी ते पुस्तकात घेतोय. चार हजारांत एकच नाव असं... फक्त तू सांगितलंस म्हणून." मग अगदी हळू, "तुझ्या शब्दावर बाकीचंही सगळं सोपवायचं म्हणतोय. चालेल?"

छत्रीची मूठ ओली होती.

"तुझं काय होतं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "चालेल – एवढंच."

काही महिन्यांनी पुस्तक आलं. पहिली प्रत घेऊन तो आमच्या घरी आला. आईबाबांना पहिल्यांदाच भेटत होता, इस्त्रीचा शर्ट घालून, घामाघूम होऊन. बाबांनी चष्मा पुसला, आईनं त्याला दोनदा खायला वाढलं. सगळं इतकं छान चाललं होतं! मग त्यानं पुस्तकातलं पान उघडून थोरल्या ताईसमोर धरलं.

ताईनं मोठ्यानं वाचलं. आणि ती खो खो हसत सुटली.

"आजीनं ठेवलं? अहो, कुठली आजी नि कुठलं काय! कारकुनाची चूक ती. बाबांनी सुजाता लिहिलं होतं. आम्ही तिला लहानपणी 'खाडाखोड' म्हणून चिडवायचो. सांगितलं नाही होय धाकटीनं तुम्हाला?"

आईही हसली. बाबाही. त्यांच्या लेखी ती घरातली जुनी गंमत होती.

तोही हसला, शिष्टाचार म्हणून. पुस्तक मिटलं, चहा संपवला, सगळ्यांचा निरोप घेतला. मी दारापर्यंत गेले.

"नाव चुकीचं निघालं म्हणून नाही गं," बूट घालताना तो म्हणाला. "पण आठ महिने मी शोधत होतो... आणि तू शेजारी बसून पानं धरत होतीस."

माझ्याजवळ सांगण्यासारखं खूप होतं. की कुणीतरी माझं नाव शोधतंय हे बघण्याचं सुख मला सोडवत नव्हतं. की चुकून राहिलेल्या मुलीला मुद्दाम ठेवलेली मुलगी व्हायचं होतं, निदान एका माणसापुरतं. यातलं एक अक्षर तोंडातून फुटलं नाही. मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कपबश्या विसळत बसले.

तो पुन्हा दुकानात आला नाही. मीही गेले नाही. आज राग असेल, उद्या जाऊ. उद्या काय तोंड घेऊन जाऊ, परवा बघू... असं करत करत वर्ष गेलं, आणि मग जाणंच विचित्र वाटायला लागलं.

पुस्तक मात्र घरोघरी पोचलं. चार वर्षांनी एक बाई तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन स्वतःचा नंबर तपासायला आली. पट्टी वाचून ओरडलीच. "अय्या, तुम्हीपण रुजाता? हीसुद्धा! किती गोड अर्थ आहे ना?" मी मान हलवली. पुढच्या वर्षी आणखी दोन आल्या. मग वर्गात दोन-दोन रुजाता असल्याचं कानावर येऊ लागलं. पुस्तकाला अकरा वर्षं झाली तेव्हा चष्मा लागलेली एक छोटी रुजाता फ्रेमच्या आतून मला ठासून म्हणाली, "माझं नाव ना, खूप जुनं आहे. कुणाच्यातरी आजीच्या आजीचं."

त्या दुपारी मी काकांकडे अर्धी रजा मागितली.

प्रकाशकांची कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. तो आता तिथेच कामाला होता, खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता. कानशिलं पांढरी झालेली, पुढ्यात त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचे तपासायचे छापील कागद. मला पाहून उठला आणि खुर्चीवरचे गठ्ठे उचलून जागा करून दिली.

"दुसऱ्या आवृत्तीत मी ते नाव काढलं होतं," मी न विचारताच तो म्हणाला. "मग एका आईचं पत्र आलं. आमच्या मुलीचं नाव पुस्तकातून गेलं, तर ते चुकीचं आहे का? तिला काय सांगू? अशी सात-आठ पत्रं आली. पुन्हा घातलं. अर्थ ठेवला, मुळाची जागा कोरी ठेवली."

"ती भरायलाच आलेय मी," मी म्हणाले. "कारकुनाची चूक, असं लिही. आणि... त्या दिवशी म्हणायचं होतं ते. मी खोटं बोलले. तू इतक्या मनापासून विचारलंस, की मला खरं सांगायची लाज वाटली. माफ कर."

त्यानं पेन उचललं. 'मूळ – नोंद करताना झालेली चूक' असं त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. अर्थ तसाच होता. रुजणारी.

"अर्थ नाही खोडलास?"

"आता इतक्याजणी तो सांगतायत. त्यांच्यापुरता तो खरा झालाय." तो थोडं थांबला. "एक विचारू? त्या दिवशी तुमच्या घरासमोरच्या थांब्यावर मी तीन बस सोडल्या. तू खाली येशील असं वाटलं होतं. हेच म्हणाली असतीस... एवढंच पुरलं असतं गं."

"मला वाटलं, तू केव्हाच गेलास."

"खिडकीतून बघायचंस तरी."

मला कपबश्या पुन्हा पुन्हा विसळल्याचं तेवढं आठवत होतं.

टेबलावरचा त्याचा फोन वाजला. "हो, निघालोच," तो म्हणाला, "तू नको जाऊस, मी घेतो तिला शाळेतून." फोन ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं, थोडं अवघडून. "मुलगी. सहावं लागलंय."

"नाव काय ठेवलंस?" असं विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. विचारलं नाही.

आम्ही बरोबरच जिना उतरलो. रस्त्यावर भुरभुर सुरू झाली होती आणि छत्री दोघांकडेही नव्हती. माझी बस लगेच आली. "जपून जा, रुजाता," तो म्हणाला. इतक्या वर्षांत ते नाव त्याच्यासारखं कुणी उच्चारलं नव्हतं. मी चढले, जागा मिळाली, काचेवरचं पाणी तळव्यानं पुसून मागे पाहिलं.

तो थांब्यावर नव्हता. डोक्यावर कागद धरून, शाळा सुटायच्या आत पोचायला हवं म्हणून, भराभर पलीकडच्या बाजूला चालला होता.