नळीत वाजतंय काय?

"सांभाळून, भिंतीला लागेल!" केतकी खालून ओरडेपर्यंत गल्लीतला अक्षय तिची नवी दुर्बीण कवटाळून गच्चीवर पोचलासुद्धा. दिवाळीच्या सुट्टीत चंद्र दाखवायचं आमंत्रण केतकीनं साऱ्या गल्लीला देऊन ठेवलं होतं. पंचमीची कोर पश्चिमेला उतरू लागली होती आणि शेजारच्या इंदूबाई सगळ्यांच्या आधी हजर होत्या.

अक्षयनं नळी स्टँडवर चढवली, तशी आतून खळखळ वाजली. केतकीनं भिंगाला डोळा लावला. चंद्र कसला, पिवळट डाग नुसता!

"काय फुटलं आत?" तिच्या बाबांनी विचारलं.

"अक्षयनं जिन्यात आपटली असेल." तिनं काही पाहिलं नव्हतं. चारचौघांत हसं होईल म्हणून तोंडातून निघून गेलं.

"म्या नाई आपटली, काका. कठड्याले टेकवली बी नाई," अक्षय म्हणाला.

"मग काय आपोआप वाजून राह्यली? उद्या दुकानात परत पाठवतो. तू हात नको लावू आता."

अक्षयनं शेतातून आणलेली सीताफळं तिथंच ठेवली आणि तो जिना उतरून गेला. मंडळीही पांगली.

धाकट्या गौरीला मात्र चैन पडेना. "ताई, आपटली तर पोचा कुठाय? आणि काच अशी बारीक वाजते का?"

दोघींनी नळीच्या उघड्या तोंडातून टॉर्च मारला. तळाचा आरसा शाबूत होता, पण त्यावर हळदीकुंकवाचा थर बसला होता आणि वर लाल तांदूळ घरंगळत होते.

"ह्या तर अक्षता!" गौरी म्हणाली.

लक्ष्मीपूजनाला बाबांनी दुर्बीण पाटावर उभी करून तिचीही पूजा केली होती. नव्या वस्तूवर हळदकुंकू, अक्षता मूठ भरभरून वाहिल्या होत्या. आणि फोटोत आरसा चमकावा म्हणून नळीचं झाकण केतकीनंच काढलं होतं. आता आठवलं तेव्हा तिचे कान गरम झाले.

दोघींनी हाक मारली, तशी बाबांनी आत डोकावून कपाळाला हात लावला. "गुपचूप धुऊन टाकू. कोणाले सांगायची काय गरज?"

"अक्षयला बोललो ते गुपचूप होतं का, बाबा?"

बाबांनी नळीला झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रू खोलून आरसा काढला, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यानं न घासता धुतला आणि परत सरळ बसवला. नळीत अक्षता सापडल्याचं सांगत केतकी सगळ्यांना पुन्हा बोलावून आली. अक्षयचं दार तिनं सगळ्यात शेवटी वाजवलं, पण वाजवलं.

"पोरीनं शोध बरा लावला हो!" इंदूबाईंनी संध्याकाळी गच्चीवर केतकीची पाठ थोपटली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शोध गौरीचा आहे, काकू. झाकण मी काढलं होतं. अक्षयचं नाव मी खोटं घेतलं."

"अन् म्या त्याले हाकललं," बाबा खाली मान घालून म्हणाले. "चुकलं बेटा."

"खरं बोलायले बी छाती लागते," इंदूबाई म्हणाल्या. "आधी अक्षयले पाहू द्या."

अक्षय वाकला. "खड्डे दिसून राह्यले," तो हळूच म्हणाला. केतकीनं पाहिलं, त्यानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून ठेवले होते.

तिला रडू आलं. तिनं त्याचा हात सोडवून नळीवर ठेवला. "धर. आज तूच फिरव."