बेटावरचा उतारा

सात वर्षांच्या पोरीला ताप आहे म्हणून समुद्रावर दहीभात ठेवायला निघालो आहोत, हे डॉक्टर गुरुदत्तने जर्सी सिटीत कुणालाही सांगितलं नसतं. पण पुलापलीकडच्या त्या बेटावर, राखीव किनाऱ्यावर, ऑगस्टमध्ये सहल झाली आणि तेव्हापासून दीपाचा ताप हटेना. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, सगळं नॉर्मल. पोर मात्र वाळत चालली होती. चौऱ्याऐंशीचा ऑक्टोबर उजाडला तेव्हा त्याच्या बायकोने, सुमित्राने, आपल्या आईने शिकवलेला उतारा काढला. आळणी दहीभात मुलीवरून ओवाळायचा, जिथे बाधा झाली तिथेच नेऊन ठेवायचा आणि मागे वळून न बघता परतायचं.

"अगं, मी डॉक्टर आहे."

"मग बरं करा ना तिला!"

त्याने गाडी काढली.

बेटावर पोचले तेव्हा दिवस कलला होता. वाळूच्या टेकाडांवर गवत सळसळत होतं, दलदलीतून कुजट, खारट वास येत होता. एरवी कलकलाट करणारे सीगल्स आज गप्प होते. दीपाला गाडीत गुरुदत्तपाशी ठेवून सुमित्रा एकटीच गेली, कागदी बशी वाळूवर ठेवली, हात जोडले आणि पाठ फिरवली. मागे ओल्या वाळूत चपक... चपक... पावलं वाजली. तिने वळून पाहिलं नाही.

पार्किंगमध्ये रेंजर उभा होता.

"मॅडम, यू कान्ट लीव्ह फूड हिअर. प्लीज टेक इट बॅक."

माणूस भला होता, अदबीने बोलला. पण गणवेश दिसला की आपली माणसं लगेच नरमतात. गुरुदत्त "सॉरी, सॉरी" करत धावला आणि भातासकट बशी घेऊन आला. पिशवीत घालून गच्च गाठ मारली आणि डिकीत टाकली.

"अहो, उतारा परत आणत नाहीत..." सुमित्रा पुटपुटली.

"कशाला उगाच तमाशा? वाटेत गार्बेज कॅन दिसला की थांबतो."

पूल ओलांडला आणि दीपा ताडकन उठून बसली. अंग थंडगार. ताप उतरला होता! सुमित्राला रडूच कोसळलं. त्या आनंदात पिशवीची आठवण कुणाला राहणार?

घरी पोचल्यावर गाडी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये लावून गुरुदत्त दार उघडायला वर गेला. सुमित्राने डिकी उघडली. पिशवीची गाठ तशीच होती. ती सोडली तर बशी चाटूनपुसून लख्ख, आणि तळाशी मूठभर ओली वाळू.

"आई..."

दीपा गाडीतून उतरली होती. मराठीत काही विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर आज स्वच्छ मराठीत बोलत होती.

"भात आळणी का गं केलास?"

सुमित्राच्या मागे तिचीच लेक होती, जिच्यासाठी तिने हे सगळं केलं होतं, आणि तिला मान वळवायचा धीर होईना.

पार्किंगच्या कोरड्या डांबरावर पावलं जवळ येत होती. चपक... चपक...